ऑर्बिटल वेल्डिंग: एकच मोठं हेड की लहान-मोठी जोडी?

ऑर्बिटल वेल्डिंगमध्ये नळी स्थिर राहते आणि तिला पकडणाऱ्या हेडमधला टंगस्टनचा इलेक्ट्रोड तिच्याभोवती फिरून वेल्ड मारतो. हाय-प्युरिटी (अतिशुद्ध) गॅस लाइनचं पहिलं काम हाती आलं की हा प्रश्न पडतोच. पाव इंचापासून एक इंचापर्यंत सगळं सामावणारं एकच मोठं हेड घ्यावं, की लहान नळ्यांसाठी वेगळं छोटं हेडही घ्यावं? फार्माच्या पायपिंगमधून साणंद-धोलेऱ्याच्या सेमीकंडक्टर कारखान्यांच्या कामांकडे वळू पाहणारे आपले भोसरी-चाकणचे ठेकेदारही हेच विचारतात. मी दोन्ही प्रकारे काम केलंय, तेव्हा अनुभवापुरतं सांगतो.

एकच हेड घेणाऱ्याचं म्हणणं चुकीचं नाही. पैसा कमी अडकतो, कॉलेटचा (नळी पकडणाऱ्या, साइझनुसार बदलायच्या तुकड्यांचा) एकच डबा सांभाळायचा, पोरांना एकच यंत्र शिकवायचं. मोठं हेड दणकटही असतं. छोट्याने लागोपाठ वेल्ड मारले की ते तापतं, मग थांबा नाहीतर पाण्याचं कूलिंग जोडा. त्याचे गिअरही नाजूक.

गॅस कॅबिनेटमध्ये (गॅस सिलिंडरच्या बंद कपाटात) व्हॉल्व्हला लागून असलेल्या आखूड फिटिंगवर मोठं हेड बसत नाही, हे खरं. पण बरंचसं बेंचवर जोडून आत नेता येतं, त्यामुळे माझं तेवढ्यावरून काही ठरलं नाही.

ठरलं ते साइझ बदलण्याच्या कटकटीवरून. पाव इंची लाइन छान चाललेली असते आणि सुपरवायझर येऊन म्हणतो, ‘तेवढा एक अर्धा इंची जॉइंट मारून द्या ना.’ तेवढा! दोन्ही बाजूंचे कॉलेट काढा. व्यास बदलला की टंगस्टनची लांबीही बदलते, म्हणजे हातमोजे घालून तो साबुदाण्याएवढा स्क्रू सोडवा. गेज लावून आर्क गॅप, म्हणजे टंगस्टनचं टोक आणि नळी यांतलं अंतर, बसवा. पाव इंची नळीची भिंत जेमतेम 0.89 मिलिमीटरची. गॅप किंचित इकडेतिकडे झाला तरी उष्णता बदलते. बीड (वेल्डची पट्टी) फाजील रुंद होतो, नाहीतर आतपर्यंत पोचतच नाही. म्हणून नवं कूपन, म्हणजे चाचणीपुरता वेल्ड केलेला तुकडा. पर्जची (नळीतली हवा हटवायला आत सोडलेल्या गॅसची) वाट बघा, वेल्ड मारा, कूपन उभं चिरून आत बघा: बीड गोलभर सारखा आहे का, पिवळी-निळी झाक आलीय का, पर्जचा दाब जास्त होऊन बीड आतून खोलगट झालाय का. मग क्यूसीची, म्हणजे गुणवत्ता तपासणाऱ्याची, सही. प्रत्यक्ष जॉइंटचा आर्क मिनिटभरही चालत नाही. तो झाला की पुन्हा पाव इंचीवर यायचं, म्हणजे हेच सगळं उलट क्रमाने.

जोडी असली की छोटं हेड पाव इंचीवर लावलेलं तसंच राहतं, वरचे साइझ मोठ्यावर. पॉवर सप्लायला दुसरं हेड जोडलं की कूपन तेव्हाही काढावंच लागतं, त्यातून सुटका नाही. पण टंगस्टन जागचं हललेलं नसल्याने ते बहुधा पहिल्याच फटक्यात पास होतं. माझ्याकडे तरी तसंच होत आलंय.

तुमचं काम मुख्यतः नायट्रोजनच्या मोठ्या लाइनींचं असेल, तर एकट्या मोठ्या हेडवर खुशाल भागवा. सिलेन, अमोनियासारख्या प्रोसेस गॅसच्या लाइनी असतील, तर त्यात पाव इंचीचाच भरणा असतो. तिथे मी छोटं हेड विकत घेईन आणि मोठं लागेल तेव्हा भाड्याने आणेन. भाड्याचं हेड ताब्यात घेताना लागणाऱ्या प्रत्येक साइझचे दोन्ही बाजूंचे कॉलेट आणि आर्क गॅपचं गेज डब्यात आहे ना, ते तिथेच उघडून बघा.