टँटिव्ही: इंजिन जोरदार, देवनागरीचा टोकनायझर मात्र स्वतः लिहा

टँटिव्ही ही रस्ट या प्रोग्रामिंग भाषेतली फुल-टेक्स्ट सर्च लायब्ररी, म्हणजे मजकुरातले शब्द शोधून देणारा तयार कोड. एमआयटी परवान्याची, लुसीन या जुन्या सर्च लायब्ररीच्या धर्तीवर बांधलेली. डग कटिंग यांनी १९९९ साली जावात लुसीन आणली. तेव्हापासून ती इतर भाषांत न्यायचे बरेच प्रयत्न झाले: सी++मध्ये सीलुसीन, सी-शार्पमध्ये लुसीन डॉट नेट. हे पोर्ट ओळीला ओळ जुळवत केलेले, त्यामुळे मूळ पुढे जातं आणि पोर्ट मागे राहतो. जावातली ४.८ आवृत्ती २०१४ची. लुसीन डॉट नेटची ४.८ वर्षानुवर्षं बीटातच राहिली.

शिवाय दिसायला सारखा कोड दोन भाषांत सारखा वागतोच असं नाही. जावात दोन स्ट्रिंगची तुलना अक्षरांच्या आकडी किमतीवर होते; सी-शार्पमधली नेहमीची तुलना मात्र मशिनच्या भाषा-सेटिंगप्रमाणे होते. शब्दसूचीचा क्रम एका नियमाने लावला आणि शोध दुसऱ्या नियमाने घेतला, की इंडेक्समध्ये (शोधासाठी आधी बनवून ठेवलेल्या सूचीत) असलेला शब्दही सापडत नाही. पूर्णांक मर्यादेबाहेर गेला तर जावा मुकाट्याने दुसऱ्या टोकाच्या किमतीवर गुंडाळून घेते, रस्टचा डीबग बिल्ड (चुका शोधण्यासाठीचा) पॅनिक होतो म्हणजे तिथेच थांबतो, आणि सी++मध्ये चिन्हांकित पूर्णांकाचं काय होईल याची हमीच नाही.

टँटिव्हीने ही वाट सोडली. कल्पना लुसीनच्या घेतल्या, कोड नव्याने लिहिला. न बदलणारे सेगमेंट (इंडेक्सचे तुकडे), शब्दसूचीसाठी एफएसटी (शब्द दाटीने साठवणारी रचना), १२८ डॉक्युमेंटचे बिट-पॅक केलेले (कमीत कमी बिटांत बसवलेले) ब्लॉक, मेमरी-मॅप केलेल्या फाइल, निकालांच्या गुणांकनाला बीएम२५ हे सूत्र (त्यातले स्थिरांक के१ = १.२, बी = ०.७५). इंडेक्सचं स्वरूप स्वतःचं आहे, म्हणून लुसीनचा इंडेक्स इथे उघडत नाही. डेटा पुन्हा इंडेक्स करावा लागतो, हे आधीच धरून चाला.

लुसीनवरून येणारे पहिल्यांदा गोंधळतात ते गुणांवरून. सूत्राच्या अंशातला (के१ + १) हा गुणक लुसीनने आवृत्ती ८ मध्ये काढून टाकला. टँटिव्हीत तो आहे. त्यामुळे तोच शब्द, तोच डेटा, पण गुण सुमारे २.२ पट दिसतात. क्रमाला धक्का लागत नाही. मात्र ‘अमुक गुणांखालचे निकाल दाखवू नका’ अशी अट कुठे घातली असेल तर ती नव्याने ठरवा.

वेगाबाबत लायब्ररी खरोखर उत्तम आहे, पण तो वेग नकळत घालवणंही सोपं आहे. ‘अथवा’ने जोडलेल्या शब्दांच्या शोधात ब्लॉक-वँड तंत्राने, वरच्या दहांत येऊच न शकणारे ब्लॉक न तपासता सोडले जातात. आता पहिल्या दहा निकालांसोबत एकूण संख्याही त्याच फेरीत मागितली, की प्रत्येक जुळणारं डॉक्युमेंट मोजावंच लागतं आणि ही काटछाट बंद पडते. संख्या पडद्यावर खरंच हवी आहे का, हे आधी विचारा. आणि मोजमाप करताना रिलीज बिल्डच (वेगासाठी सुधारलेला) वापरा. डीबग बिल्डचे आकडे बघून मत बनवू नका. लुसीनशी तुलना करायची तर जावाच्या जेआयटीला (प्रोग्राम चालताना कोड वेगवान करणाऱ्या कंपायलरला) गरम व्हायला आधी काही फेऱ्या द्या, नाहीतर ती तुलना अन्यायाची ठरते.

आता खरी उणीव. डीफॉल्ट टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) अक्षर किंवा अंक नसलेल्या प्रत्येक चिन्हापाशी शब्द तोडतो. युनिकोडच्या व्याख्येत काना-मात्रा-वेलांट्या अक्षरांत मोडतात, पण हलन्त मोडत नाही. म्हणून ‘पुस्तक’चे ‘पुस’ आणि ‘तक’ असे दोन तुकडे होतात. वाईट म्हणजे हा दोष लपून राहतो. क्वेरी पार्सरही (शोधाचा मजकूर वाचणारा भाग) शब्द तसाच तोडतो आणि तुकड्यांची फ्रेज क्वेरी (तुकडे लागोपाठ आहेत का पाहणारा शोध) करतो, त्यामुळे ‘पुस्तक’ शोधलं की निकाल येतात आणि सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात साध्या शब्दासाठी पोझिशन (मजकुरातल्या शब्दांच्या जागा) वाचाव्या लागतात, डॉक्युमेंटची लांबी फुगून गुण बिघडतात, फझी शोध (थोडा चुकलेला शब्दही पकडणारा) तुकड्यांवर चालतो. फील्डमध्ये पोझिशन साठवल्या नसतील तर थेट एररच येते.

उपाय असा. युनिकोडच्या शब्दसीमांच्या नियमांवर चालणारा छोटा टोकनायझर लिहा. युनिकोड-सेगमेंटेशन हे क्रेट (रस्टचं पॅकेज) त्यासाठी पुरेसं आहे, शंभरेक ओळींत काम होतं. तो बसवल्यावर दुसरी अडचण वर येते: डीफॉल्ट साखळीतला लांब शब्द गाळणारा फिल्टर. त्याची मर्यादा ४० बाइटची, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे १३ चिन्हांपलीकडचा शब्द काहीही न सांगता गळतो. ‘विद्यार्थ्यांसाठी’ १७ चिन्हांचा, ५१ बाइटचा; तो इंडेक्समध्ये जाणारच नाही. मर्यादा १५०पर्यंत वाढवा.

मग ‘दुसऱ्या’सारखे शब्द. कुठे ऱ हे एकच चिन्ह असतं, कुठे र आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) वेगवेगळे, कुठे र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पहिली दोन रूपं एनएफसीने (युनिकोडच्या एका प्रमाण रूपाने) एक होतात. तिसरं स्वतः बदलावं लागतं. हे सगळं टोकन फिल्टरमध्ये, शब्द तोडून झाल्यावर करा. आधी मूळ मजकूरच बदलला तर ऑफसेट (मूळ मजकुरातल्या शब्दांच्या जागा) सरकतात आणि निकालातलं ठळक अक्षर भलत्या जागी उमटतं. विभक्तीचे प्रत्यय छाटणारा मराठी स्टेमर सोबत मिळत नाही. तोही स्वतःच जोडायचा.

इंडेक्सच्या स्कीमात (फील्डांच्या वर्णनात) टोकनायझरचं फक्त नाव साठवलं जातं. इंडेक्स उघडताना दर वेळी तो पुन्हा नोंदवा.

रायटरला (इंडेक्स लिहिणाऱ्या भागाला) दिलेली मेमरी थ्रेडांमध्ये वाटली जाते, जास्तीत जास्त ८ थ्रेड, प्रत्येकी किमान १५ एमबी. ५० एमबी दिले तर कोअर कितीही जास्त असोत, ३ पेक्षा अधिक थ्रेड चालत नाहीत. दर डॉक्युमेंटमागे कमिट (बदल पक्के साठवणं) करू नका, चिमुकल्या सेगमेंटांचा ढीग होतो. हजारोंच्या गठ्ठ्याने करा. डॉक्युमेंट बदलायचं तर जुनं टर्मने (फील्ड आणि त्यातली किंमत सांगून) काढून नवं घालायचं. त्यासाठी आयडीचं फील्ड इंडेक्स केलेलं हवं, आणि ते मजकुराचं असेल तर न तोडता.

रस्टमध्ये काम असेल आणि शोध प्रोग्रामच्या आतच हवा असेल, तर टँटिव्ही बेलाशक घ्या. पायथनवाल्यांसाठी बाइंडिंग (पायथनमधून वापरायचा दुवा) आहे. भारतीय भाषांचा मजकूर मुख्य असेल, आणि टोकनायझर लिहून तपासायला वेळ काढता येत नसेल, तर सध्या लुसीनवरच राहा: तिचा स्टँडर्ड टोकनायझर हलन्तापाशी शब्द तोडत नाही.