अर्ध्या दिवसाची कयाक सहल की तीन दिवसांची?

खडकाळ किनाऱ्यालगत गाइडसोबत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, चालवायची असं एकदा ठरलं की पुढचा प्रश्न येतोच. सकाळी जाऊन दुपारी परतायचं, की किनाऱ्यावर मुक्काम करत तीन दिवस जायचं? बहुतेक जण सुट्टी आणि बजेट बघून ठरवतात. माझं म्हणणं, आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. वल्हवण्याचे तास कमी-जास्त असतातच, पण या दोन सहली खऱ्या वेगळ्या होतात त्या पाण्याच्या चढ-उतारामुळे.

एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. अर्ध्या दिवसाच्या सहलीत तुम्ही दोन-तीन तास पाण्यावर असता, म्हणजे या चक्राचा एक तुकडाच तुमच्या वाट्याला येतो. तो कुठला, यावर सगळं अवलंबून. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी काही ठिकाणी १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं. तिथल्या होपवेल रॉक्स भागात भरतीला सुळक्यांच्या मधून कयाक जाते आणि ओहोटीला त्याच जागी माणसं तळावरून चालत फिरतात. हे टोकाचं उदाहरण झालं, पण तीन-चार मीटरच्या फरकातही किनारा ओळखू येत नाही इतका बदलतो. भरतीला कमानीखालून जाता येतं, कपारीत नाक खुपसता येतं. ओहोटीला त्या वाटा बंद होतात, पण खडकांवरचे कालवांचे थर, शेवाळाचे पट्टे, डबक्यातले तारामासे उघडे पडतात. म्हणून अर्ध्या दिवसाची सहल घेणाऱ्याने ‘किती वाजता निघायचं?’ एवढंच विचारू नये. ‘त्या वेळी पाणी कुठे असेल?’ हेही विचारावं.

तीन दिवसांच्या सहलीत निवडीचा प्रश्नच उरत नाही, दोन्ही बघायला मिळतं. मात्र तिथे घड्याळ समुद्राचं चालतं. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज सहाला निघालात तर परवा साडेसातच्या पुढे. कधी भर दुपारी तंबूपाशी बसून पाण्याची वाट बघावी लागते, कारण तीनशे मीटर चिखलातून भरलेली कयाक उचलून नेणं कुणालाच जमत नाही. मला या थांबण्याची गोडी लागली आहे. पण ज्याला आखलेला कार्यक्रम मिनिटामिनिटाने पार पडलेला आवडतो, त्याला ते जड जाईल.

ओढीचं, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहाचं, गणितही समजून घ्या, गाइड असला तरी. पाणी सहा तासांत एकसारख्या वेगाने चढत नाही. पूर्ण फरकाचे बारा भाग केले तर तासागणिक साधारण १, २, ३, ३, २, १ असे भाग चढतात. चार मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात एकेक मीटर. त्या मधल्या दोन तासांत समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या टोकांभोवती आणि चिंचोळ्या वाटांत पाणी जोरात धावतं. सर्वसाधारण माणूस सलग वल्हवतो तो ताशी पाच किलोमीटरच्या आसपास. समोरून ताशी सात किलोमीटरची ओढ आली तर वल्हं मारूनही तुम्ही मागेच जाणार. त्यात वारा ओढीच्या उलट दिशेने असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. अर्ध्या दिवसाची सहल नेणारा चांगला गाइड हे मधले तास टाळतो. तीन दिवसांत ते टाळून चालत नाही. त्याच ओढीवर स्वार होऊन पुढचा मुक्काम गाठायचा असतो. ओढ मागून असेल तेव्हा किनारा नुसता सरकत राहतो. ते सुख अर्ध्या दिवसात मिळत नाही.

कयाकही वेगळ्या. छोट्या सहलीला बऱ्याचदा वर बसायची रुंद, आखूड कयाक देतात. पडलात तरी पुन्हा चढता येतं, पण वाऱ्यात ती भरकटते. लांबच्या सहलीची कयाक साधारण पाच मीटर लांब, ५५ ते ६० सेंटिमीटर रुंद, आत बसायची, पुढेमागे सामानाचे बंद कप्पे असलेली. पहिली दहा मिनिटं ती डगमगते असंच वाटतं. सामान भरलं की मात्र स्थिर होते. उलटल्यावर कमरेचा स्कर्ट (बसायच्या जागेत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती लावलेलं आवरण) सोडवून बाहेर यायचा सराव उथळ पाण्यात करून घेतल्याशिवाय निघू नका. जोडीने जात असाल आणि एकाचे खांदे कमजोर असतील तर दोघांची कयाक घ्या.

कपडे हवा बघून नव्हे, पाणी बघून घालायचे. १५ अंशांखालच्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, मग सहल दोन तासांची असो वा तीन दिवसांची. लाइफ जॅकेट अंगात हवं, कयाकवर बांधलेलं नको.

हवामानाचं थोडक्यात: वारा वाढला तर छोटी सहल रद्द होते आणि एक सकाळ जाते. मोठ्या सहलीत एखादा दिवस तंबूतच जाऊ शकतो, तेव्हा परतीचं तिकीट लगेच दुसऱ्या दिवसाचं काढू नका.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी अर्धा दिवसच सांगेन. तारीख अष्टमीच्या आसपासची, म्हणजे भांगाची भरती, पाण्याचा चढ-उतार आणि ओढ कमी. वेळ भरतीच्या आगेमागे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पहिला धडा नको. आधी दोन-तीन वेळा वाऱ्यात वल्हवलं असेल आणि पाठ-खांदे दुसऱ्या दिवशी कुरकुरले नसतील, तर तीन दिवसांची घ्या. पैसे भरण्यापूर्वी गाइडला दोनच गोष्टी विचारा: त्या दिवशी पाण्याचा फरक किती मीटरचा आहे, आणि मध्येच वारा उठला तर कुठल्या पुळणीवर बाहेर पडायचं? दोन्हींची उत्तरं नकाशावर बोट ठेवून मिळाली तर नाव नोंदवा.