मेसोनियेच्या 'फ्रीडलंड'ची पाच फुटी कॅनव्हास प्रिंट – नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

दिवाळीत लावली, आता श्रावण आला, म्हणजे नऊ महिने रोज डोळ्यासमोर आहे, तर सविस्तर लिहितो कारण घेताना मला मराठीत कुठेच काही वाचायला मिळालं नव्हतं.

चित्र आहे '१८०७, फ्रीडलंड', नेपोलियनच्या फ्रीडलंडच्या लढाईवरचं. चित्रकार मेसोनिये, फ्रेंच. मूळ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्हणजे मेट म्युझियममध्ये आहे आणि त्याची मोठी फाइल म्युझियमच्या साइटवरून फुकट डाउनलोड होते, कॉपीराइटची भानगड नाही. मी ती पेनड्राइव्हवर घेऊन गावातल्याच एका प्रिंटिंगवाल्याकडे गेलो.

आधी चूक केली ती सांगतो. खर्च नको म्हणून पहिल्यांदा ए-थ्री साइजमध्ये फोटो पेपरवर काढली. वाया गेली. मूळ चित्र जवळजवळ आठ फूट रुंद आहे, त्यात चिलखतवाल्या घोडेस्वारांची अख्खी लाट नेपोलियनसमोरून तलवारी उगारून ओरडत चाललीये, तो मधे थोडा मागे पांढऱ्या घोड्यावर बसून हॅट उंचावतोय. हे सगळं वीतभर कागदावर आलं की नुसती गर्दी दिसते, घोडा दिसतच नाही. मग सरळ पाच फूट रुंद कॅनव्हास सांगितला, उंची हिशोबाने दोन फूट दहा इंच येते. चित्राचा आकार जवळपास आपल्या टीव्हीच्या स्क्रीनसारखाच आहे, त्यामुळे साइज ठरवायच्या आधी टीव्हीवर लावून बघा, मी हे नंतर केलं.

दुसरी अडचण, दुकानदाराने न विचारता ब्राइटनेस वाढवला आणि चित्रात घोड्यांच्या पायाखालचं उभं पीक पोपटी झालं. परत काढून घेतली. तुम्ही आधीच सांगा की रंगाला हात लावू नका, आणि चौकटीवर दुमडायला चारी बाजूंनी दोन-दोन इंच पांढरी जागा सोडा, नाहीतर कडेचे स्वार अर्धे मागे जातात.

आता पीक म्हणालो तर तेच सांगतो, कारण माझा जीव तिथेच अडकलाय. पहिले दोन महिने मी फक्त स्वार बघायचो, चिलखतांची चमक, उघडी तोंडं. मग एक दिवस खाली बसून बूट घालताना नजर बरोबर खुरांच्या उंचीला आली आणि लक्षात आलं की ही सगळी घोडदौड कुणाच्या तरी उभ्या पिकातून चाललीये, ताटं मोडलीत, आडवी झालीत, मातीत गेलीत. नंतर वाचलं की मेसोनियेने हे मनाने रंगवलेलं नाही, त्याने खरोखर शेत विकत घेऊन त्यातून घोडदळ पळवलं आणि तुडवलेलं पीक कसं पडतं ते बघून काढलं. घोड्यांसाठी तर त्याने पॅरिसजवळ प्वासीच्या आपल्या घरी छोटे रूळ टाकले होते, बाजूने घोडा पळवायचा आणि हा रुळावरच्या गाडीत बसून सोबत ढकलला जात स्केच करायचा. लढाई १४ जून १८०७ ची, हा जन्मला १८१५ ला, म्हणजे डोळ्यांनी काहीच पाहिलेलं नाही, म्हणून एवढा आटापिटा. चित्राला चौदा-एक वर्षं लागली. पुढे स्ट्युअर्ट नावाच्या अमेरिकन व्यापाऱ्याने ते न बघता ६० हजार डॉलरला घेतलं, आणि १८८७ मध्ये ते मेटला भेट मिळालं.

आमच्या आजोबांचा टांगा होता. ते मार्चमध्ये राहायला आले, खुर्ची ओढून चित्रासमोर बसले, बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अरे, ह्याने घोडा ऐकलाय." मला कळेना, तर त्यांनी मांडीवर बोटं वाजवून दाखवलं, दुडक्या चालीला दोन-दोन टापा येतात, आणि चौखूर उधळला की चार टापा भराभर येऊन मधे एक रिकामी जागा येते, तेव्हा घोडा हवेत असतो. मी त्यांना मोबाइलवर जेरिको या फ्रेंच चित्रकाराचं एप्समच्या डर्बीचं, म्हणजे इंग्लंडमधल्या घोड्यांच्या शर्यतीचं चित्र दाखवलं, १८२१ चं, ज्यात घोडे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून उडतायत. आजोबा लगेच म्हणाले असा पळत नाही, हवेत असतो तेव्हा पाय पोटाखाली गोळा होतात. हेच सिद्ध व्हायला १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरला पळत्या घोड्याचे फोटो काढायला ओळीने कॅमेरे लावावे लागले! आणि १८८१ मध्ये तोच मायब्रिज पॅरिसला आला तेव्हा मेसोनियेने त्याला घरी बोलावून चित्रकार मंडळींना ते फोटो दाखवले. साठी ओलांडलेला नावाजलेला माणूस आणि तरी शिकायची तयारी, मला हे फार आवडलं.

जेरिकोला कमी लेखत नाहीये हं. त्याचा १८१२ चा हल्ला करणारा स्वार, मागे वळून बघणारा, खाली बिबट्याचं कातडं, एकविसाव्या वर्षी काढलेला, त्यात जो जोर आहे तो मेसोनियेत नाही. पण ते उभं चित्र आहे, साडेअकरा फूट उंच, आपल्या हॉलमध्ये त्याचं काय होणार.

तक्रारी दोन. एक, अगदी नाक लावून बघितलं तर चेहरे मऊ दिसतात, तीन फुटांवरून काही जाणवत नाही. दोन, जुलैच्या दमटपणात कॅनव्हास मधे सैल पडला, चौकटीच्या कोपऱ्यात मागून लाकडी पाचरी असतात त्या हलक्या हाताने ठोकल्या, ताणला गेला. काच लावू नका, समोरच्या खिडकीचा उजेड सगळा त्यात दिसतो.

पाचपैकी साडेचार. आजोबा गणपतीला परत येतायत, फोनवर सांगितलंय की चित्र जरा खाली लाव, खुर्चीत बसून पाय दिसले पाहिजेत. रविवारी खिळा खाली घेतोय.