जुन्या घड्याळाची काच आणि सिटी चौकातले चाचा (5 पैकी 4 स्टार)

संभाजीनगरात चावीचं जुनं घड्याळ कुठं दाखवायचं हे लई जण विचारतेत म्हणून एकदाच लिहून टाकतो. सिटी चौकाकडून गुलमंडीकडं येताना झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक टपरी आहे, टपरी म्हणजे काय तर काचेचं छोटं कपाट, एक स्टूल आणि वर बल्ब, बोर्ड बिर्ड काही नाही. तिथं बसणारे चाचा.

माझ्याकडं वडिलांची एचएमटी जनता आहे, 17 ज्वेलवाली (म्हणजे मशीनमधी 17 बारीक खडे). मशीन एकदम ठणठणीत पण काच एवढी घासलेली की उन्हात टाइम बघायचा म्हणजे मनगट चार वेळा फिरवायचं. आधी एका चकाचक दुकानात नेली होती, तिथला पोरगा बघितल्या बघितल्या म्हणला काच गेली, नवीन चपटी टाकून देतो. चाचांनी आधी काचेवर नख वाजवलं, मग चक्क दाताला लावून टकटक केलं आणि म्हणले, "पिलास्टिक है मियाँ, बदलने का नक्को, घिसेंगे."

तर हीच ओळख आहे. प्लॅस्टिकची म्हणजे ॲक्रिलिकची काच वाजवली की मऊ, दबका आवाज येतो आणि ओठाला लावली तर गार लागत नाही. खरी काच टिणटिण वाजते आणि गार लागते. शिवाय मधी फुगीर असेल आणि बारीक बारीक रेघांनी भरलेली असेल तर बहुतेक वेळा प्लॅस्टिकच समजा. प्लॅस्टिक म्हणलं की लोक नाक मुरडतेत पण चंद्रावर गेलेल्या ओमेगा स्पीडमास्टरची काच पण ॲक्रिलिकचीच होती, फुटली तरी तुकडे उडत नाहीत म्हणून. आणि तो फुगीरपणा काय शोभेसाठी नसतो, त्याच्याखाली काट्यांना जागा लागते, चपटी काच बसवली की सेकंद काटा घासून घड्याळ बंद पडू शकतं. त्यात एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करायचं 2016 ला ठरलं, त्यामुळं ओरिजिनल काच आता जुना स्टॉक सापडला तरच. म्हणून जी आहे ती वाचवायची.

काम माझ्यासमोरच केलं. बेझेलला म्हणजे काचेभोवतीच्या कडीला चिकटपट्टी लावली (नाहीतर पॉलिश करताना प्लेटिंग उडतं), खोल रेघांवर एकदम बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवला, मग पॉलीवॉच नावाच्या पॉलिशची ट्यूब. ही 5 ग्रॅमची जर्मन ट्यूब ऑनलाइन पण मिळते, कापसावर थोडी घेऊन दोन तीन मिनिटं जोर लावून घासायची, बारीक रेघा जातेत. टूथपेस्टनं पण होतं पण वेळ लई लागतो. चारच्या आकड्याजवळ एक रेघ राहिली, ती काढायला गेलं तर काच पातळ होईल म्हणून चाचांनी हात थांबवला, मला ते पटलं. घेतले 150 रुपये.

सोबतच्या मित्राची सिको 5 होती, तिच्यावर पण चरा. चाचांनी हातात घेऊन लगेच परत दिली. तिला हार्डलेक्स म्हणजे कडक केलेली खरी काच असते, तिथं ही ट्यूब काही कामाची नाही, सरळ बदला म्हणले. सफायर म्हणजे त्याहून कडक काच असेल तर चराच सहसा पडत नाही, ती ओळखायची तर स्वच्छ पुसून पाण्याचा थेंब टाकला की तो पसरत नाही, गोळा होऊन बसतो. पण आपल्या आज्या-बापाच्या घड्याळात सफायर कुठून येणार.

प्लॅस्टिकच्या काचेला सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लागू देऊ नका, सेंट पण घड्याळ काढून मारा, आतून बारीक तडे जातेत आणि ते कशानंच निघत नाहीत. मामांच्या घड्याळाची काच कुणीतरी इन्स्टंट गोंदानं चिकटवून दिली होती, त्याच्या वाफेनं कडेनं सगळी पांढरी पडली. खरं तर बऱ्याच प्लॅस्टिक काचांना गोंद लागतच नाही, ती मापापेक्षा केसभर मोठी असते, पंज्याच्या टूलनं दाबून आत सोडली की ताणानंच बसते. माप पण मिलिमीटरच्या दहाव्या भागात लागतं, म्हणून "अंदाजे बसवतो" म्हणणाऱ्याकडं देऊच नका. आणि काच चकचकीत झाली म्हणजे घड्याळ वॉटरप्रूफ झालं असं नाही, पावसात खिशातच ठेवा.

एक स्टार कापला कारण चाचा फोन उचलत नाहीत, पावती देत नाहीत आणि गप्पा लई मारतेत. जुम्म्याला दुपारी टपरी बंद असते. सुट्टे पैसे घेऊन जा, स्कॅनर नाही.