गंडिकोटाला खोली बुक करताना सावध राहा

डिसेंबरअखेरीस गोव्याची गर्दी टाळून गाडी घेऊन आंध्रातल्या रायलसीमेकडे जायचा बेत बरेच जण आखतात. भाग बघण्यासारखाच आहे. यागंटीचं मंदिर, ३,२२९ मीटर लांबीची बेलम गुहा, आणि पेन्ना नदीने डोंगर कापून केलेली गंडिकोटाची घळ. पण गंडिकोटाला राहायच्या जागा मोजक्याच, आणि ३१ डिसेंबरच्या आसपास त्यांच्यावर उड्या पडतात. भामट्यांना हे पक्कं ठाऊक आहे.

आम्हाला गंडिकोटाच्या किल्ल्याजवळच्या एका निवासात दोन खोल्या हव्या होत्या. नकाशाच्या ॲपवर निवासाचं पान होतं, खाली मोबाइल नंबर. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. ‘दोनच खोल्या उरल्यात सर, लगेच कन्फर्म करा.’ व्हॉट्सॲपवर खोल्यांचे फोटो आले, तेही अस्सल. पर्यटकांनी रिव्ह्यूमध्ये टाकलेलेच उचललेले. यूपीआयवर निम्मी रक्कम मागितली. पैसे घेणाऱ्याचं नाव भलत्याच व्यक्तीचं दिसलं, तर म्हणे ते अकाउंटंटचं खातं. थोड्या वेळाने पुन्हा फोन: बिल निघत नाहीये, तेवढीच रक्कम एक रुपया जास्त घालून आणखी एकदा पाठवा, आधीची चेक-इनला काउंटरवर मिळेल. तीही पाठवली, तेव्हा पावती आली.

संध्याकाळी पोचलो तर रजिस्टरमध्ये आमचं नावच नाही. मॅनेजर भला माणूस. पावती बघताच म्हणाला, असे कागद घेऊन आलेले तुम्ही पहिले नाही. खोल्या सगळ्या भरलेल्या. आई दिवसभराच्या प्रवासाने थकलेली, तिला तसंच गाडीत बसवून १५ किलोमीटरवरच्या जम्मलमडुगूला लॉज शोधत फिरलो. पैसे गेल्यापेक्षा तिला झालेला त्रास मला जास्त लागला.

रात्री ती पावती नीट वाचली. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. आंध्राचे ३७, पावतीवर होते ०८, म्हणजे राजस्थान. कर १८ टक्के लावलेला. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच जीएसटी आहे. कुणी अशी पावती पाठवली तर तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघा, कुणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार कुठल्याही राज्यातून करता येते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला मिळणारा वेगळा क्रमांक, हाताशी ठेवा. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर पुढच्या खात्यात रक्कम गोठवायची शक्यता असते. आमच्या व्यवहाराला आठवडे उलटले होते. पिन तुम्हीच टाकला होता, असं म्हणून बँकेने हात वर केले.

नकाशावरच्या नंबरात बदल कुणीही सुचवू शकतो, आणि तो बदल मालकाला कळायच्या आत दिसूही लागतो. जागा सरकारी असेल तर त्या राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या संकेतस्थळावरूनच बुक करा. खासगी असेल तर नुकतंच तिथे राहून आलेल्या माणसाकडून नंबर घ्या, आणि व्यक्तीच्या नावाच्या खात्यावर आगाऊ पैसे भरू नका, मग समोरचा कितीही घाई करो.

याच प्रवासात पुढे उटी किंवा कोडाईकनालला जाणार असाल तर आणखी एक. तिथे गाडी नेण्यासाठी मे २०२४ पासून ई-पास लागतो. तो तमिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. ‘पास काढून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका, मोबाइलवर स्वतःच काढा.