गावाचं गीत: जुनं उचलावं का नवं करून घ्यावं

मागच्या आठवड्यात आमच्या साडूंचा फोन आला. त्यांच्या ग्रामपंचायतीनं ठराव घेतलाय म्हणे, गावाला स्वतःचं गीत पाहिजे, दर १७ सप्टेंबरला झेंडा झाला की म्हणायचं, आणि कमिटीत साडूंना घातलंय कारण ते बोलायला बरे आहेत. "तुम्ही यातून गेलेत, सांगा, नवं लिहून घ्यावं का गावात हाय तेच घ्यावं?" अर्धा तास बोललो तरी संपंना, म्हणून टाईप करून टाकतो. ज्यांच्याकडं असंच काही घाटत असंल त्यांच्या पण कामाला येईल.

मी कवी नाही न् संगीतकार पण नाही. कृषी सेवा केंद्र चालवतो आणि भजनी मंडळात पेटी धरतो, पेटी आणि स्पीकर माझा असल्यामुळं मला प्रत्येक कमिटीत घेतात एवढंच. पण दोन्ही प्रकार अंगावर घेतलेत. २०२३ ला मराठवाडा मुक्तिसंग्रामाला पंच्याहत्तर वर्षं झाली तेव्हा तालुक्याचं नवंकोरं गीत करून घेतलं त्यात होतो, आणि वर्षभरानं आमच्या गावानं जुनं गाणं घेतलं त्यात पण होतो.

आधी मोठी लोकं कसं करतात ते बघू, कारण आमच्या पट्ट्यातून ते आयतंच दिसतं. आम्ही देगलूर-उदगीरकडचे. बहीण बिदरला दिलेली, आत्या निजामाबादला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे सगळं एकच हैदराबाद, निजामाच्या वेळचे सोळा जिल्हे, त्यात मराठी पाच, कानडी तीन, तेलुगू आठ. सुटका तिघांची एकाच दिवशी, १७ सप्टेंबर १९४८. आता तिघं तीन राज्यांत आहेत आणि तिघांनी गीत घेतलं ते तीन तऱ्हांनी.

आपलं सगळ्यांना माहितीये. 'जय जय महाराष्ट्र माझा', राजा बढेंचे शब्द, खळे काकांची चाल, शाहीर साबळेंचा आवाज. १९६० च्या आसपासचं गाणं, आणि राज्यगीत झालं कधी तर २०२३ मध्ये, ३१ जानेवारीला मंत्रिमंडळाचा निर्णय आणि १९ फेब्रुवारी, शिवजयंतीपासून लागू. म्हणजे साठेक वर्षं लोक म्हणतच होते, सरकारनं नंतर फक्त शिक्का मारला. शिक्का मारताना दोनच चरण ठेवले, १ मिनिट ४१ सेकंदांत बसवलं, शाळेत परिपाठाला म्हणायचं, उभं राहायचं, आणि राष्ट्रगीताचा मान पहिला. बास. बढे नागपूरचे, खळे बडोद्यात वाढलेले, साबळे वाईजवळच्या पसरणीचे, मराठवाड्याचा त्यात एकही माणूस नाही, तरी "आमचा कामून नाही" असं आमच्या चौकात तरी कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. मूळ गीतात गोदावरीचं नाव हाय, तेवढ्यावर आपण खुश.

कर्नाटकानं कुवेंपूंची कविता घेतली, २००४ ला. शब्द ठरले पण चाल ठरली नाही. कोणी एका चालीत म्हणायचं, कोणी दुसऱ्या, किती मोठं म्हणायचं त्यावर वेगळा वाद. शेवटी सप्टेंबर २०२२ मध्ये म्हैसूर अनंतस्वामींची चाल आणि अडीच मिनिटं असं सरकारनं ठरवलं, त्यावर पण कोणीतरी हायकोर्टात गेलंच. साडू, हे अधोरेखित करून ठेवा, ठरावात शब्दासोबत चाल पण लिहायची असते. आम्ही लिहिली नव्हती, त्याचं पुढं सांगतो.

तेलंगणाचं मधलंच प्रकरण आहे. संयुक्त आंध्राचं गीत 'मा तेलुगु तल्लिकी', ते २०१४ ला राज्य वेगळं झाल्यावर यांना नको झालं. आंदोलनातलं अंदेश्रींचं 'जय जय हे तेलंगाणा' लोकांच्या तोंडात होतंच, पण त्याला अधिकृत व्हायला २०२४ उजाडलं. आणि घेताना नव्यानं संगीत करून घेतलं, एम. एम. कीरवाणींकडून, ऑस्कर मिळालेले ते. तर तिथल्या संगीतवाल्यांनी पत्र काढलं की कीरवाणी आंध्राचे, आमच्या गीताला आमचा माणूस कामून नाही. एक अडीच मिनिटांचं केलंय, एक साडेतेरा मिनिटांचं. साडेतेरा मिनिटं उभं कोण राहतं ते मला माहीत नाही, आत्याला विचारलं तर ती म्हणे मी बसूनच ऐकते.

सरळ नवं लिहून घेणारे पण आहेत. उत्तराखंडानं लोकांकडून गीतं मागवून, समिती बसवून २०१६ ला एक निवडलं. बिहारनं २०१२ ला नवं घेतलं आणि संगीत थेट हरिप्रसाद चौरसिया आणि शिवकुमार शर्मा यांचं, म्हणजे पैशाला न् नावाला कुठंच कमी केलं नाही. उलट ओडिशानं १९१२ सालचं 'बंदे उत्कल जननी' २०२० ला घेतलं, एकशे आठ वर्षांनी.

आता आमचं. तालुक्याच्या कमिटीत पहिल्याच बैठकीत नवं करायचं ठरलं, आणि खरं सांगतो, मी पण हात वर केला होता. नव्याचे फायदे दिसतात ना. पाहिजे ते त्यात घालता येतं, कोणाचा हक्क बिक्क सांगायला येत नाही, मिनिटं आपल्या हातात, व्याकरण शुद्ध. शहरातल्या एका कवीनं आठ दिवसांत लिहून दिलं, चांगलं लिहिलं होतं, नाव ठेवायला जागा नाही. मग गावांची नावं सुरू झाली. लेंडी नदी घेतली तर मांजरा नदीनं काय पाप केलं, या देवस्थानाचं नाव आलं तर त्या दर्ग्याचं पण पाहिजे, एका सदस्यानं तर त्यांच्या गावच्या बाजाराचं नाव घाला म्हणून कवीला रात्री साडेदहाला फोन केला. चार कडव्यांची सात झाली. एका कडव्यात नुसती सतरा गावं, एसटीच्या बोर्डावर असतात तशी.

हे पण मी सोसलं असतं. गाणं म्हटलं की हे होणारच.

माझं डोकं फिरलं ते सुरुवातीच्या म्युझिकपायी. स्टुडिओवाल्यानं गाण्याच्या आधी अडतीस सेकंद म्युझिक टाकलं, तुतारी, मग घोड्याच्या टापा, मग कोरस नुसता "ओ" करतो, मग टाळ, आणि मग कुठं तरी शब्द येतो. घरी मोबाईलवर ऐकायला भारी वाटतं हो, अंगावर काटा येतो. पण मैदानावर चारशे पोरं उभी आहेत आणि त्यांनी नेमकं कुठं उचलायचं? टाळ संपला की चौथ्या ठोक्याला. हे पेटीवाल्याला पण धड पकडता येईना, चौथीतल्या पोराला काय कळणार. बाई पुढं उभ्या राहून हातानं खूण करायच्या, अर्धी पोरं बाईंच्या खुणेवर सुरू, अर्धी ट्रॅकवर, आणि मधी दोन अक्षरांची फट. पट्टी म्हणाल तर काळी चार, गायिकेला सोपी, आमच्या बापई माणसांचा आवाज दुसऱ्या ओळीतच फाटतो. मी म्हटलं ट्रॅक काढून टाकू, पेटीवर पांढरी दोनमध्ये म्हणू. तर म्हणे पस्तीस हजार दिलेत, ट्रॅक कामून काढायचा.

सतरा सप्टेंबरला झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं, पेनड्राइव्ह लावला. पाऊस भुरभुर चालू होता. तुतारी झाली, घोडे झाले, पहिलं कडवं निम्म्यात आलं आणि लाईट गेली. स्पीकर बंद, पोरं बंद. कोणालाच पुढचं येत नव्हतं, मला पण नाही, कमिटीतल्या कोणालाही नाही, कवी आलेले नव्हते. आणि गीत संपलं नाही म्हणून बसता पण येईना. पाहुणे सावधानमध्ये उभे, त्यांच्या टोपीवरून पाणी गळायलंय, मागून एक म्हातारा विचारतो, "झालं का वो?" कोण काय सांगणार. जनरेटर चालू व्हायला चार-पाच मिनिटं गेली असतील. चालू झाला तर ऑपरेटरनं ट्रॅक पहिल्यापासून लावला. परत तुतारी, परत घोडे. पोरं हसायला लागली आणि मग कोणालाच आवरलं नाही.

हे एका लाईटीचं झालं, स्टुडिओवाल्याचा दोष म्हणता येत नाही, जनरेटर आधीच चालू ठेवायला पाहिजे होता हे पण खरं. पण पुढच्या १ मेला त्याच मैदानावर राज्यगीताच्या वेळी माईकची वायर कधी निघाली होती ते कोणालाच कळलं नाही, संपल्यावर लक्षात आलं. त्या दिवशी माझ्यापुरतं ठरलं.

मग आमच्या गावाचं आलं. गावात एक गाणं आहे, यात्रेत बाया म्हणतात, पालखी वेशीवर आली की. बहात्तरच्या दुष्काळात खडीच्या कामावर गावातल्याच एका भजनी बुवांनी रचलेलं. गावाचं नाव, वड, बारव, आणि पाऊस येऊ दे असं मागणं. मी म्हटलं हेच घेऊ. वाटलं एका सभेत होईल.

तीन सभा लागल्या. जुन्याची दुखणी पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकाच बाजूनं बोलतोय. अकरा कडवी, त्यातलं एक आज जाहीर म्हणण्यासारखं नाही, जुन्या काळात कोणी कुठं बसायचं असलं वर्णन आहे. ते गाळायचं म्हटल्यावर काही म्हातारे रुसले की बुवांचे शब्द तोडता कसे. बंगालमध्ये टागोरांच्या 'बांगलार माटी'तला एक शब्द बदलून गायलं तर २०२३ ला केवढा गोंधळ झाला, हे तर पूर्ण कडवं. मी शब्द बदलू नका म्हटलं, कडवं सोडा, राज्यगीतात पण दोनच चरण घेतलेत की. हे पटलं. मग बुवांचा नातू आला, आजोबांचं नाव बोर्डावर पाहिजे, ते रास्तच होतं, दिलं. आणि मग तो चालीचा घोळ. वरच्या आळीत भैरवीच्या अंगानं म्हणतात, खालच्या आळीत ठेका उडता. ठरावात चाल लिहिलीच नव्हती, पहिल्या वर्षी दोन्ही आळ्यांनी आपापल्या चालीत एकदमच म्हटलं, ते ऐकण्यासारखं होतं पण सांगण्यासारखं नाही. आता खालच्या आळीची धरलीये, कारण चालता चालता म्हणता येते. वरची आळी अजून थोडी नाराज आहे.

पण सुरुवात एक बाई करते, पहिला शब्द ती उचलते, दुसऱ्या शब्दाला सगळे. पट्टी तिच्या घशाला येईल ती. म्युझिक नाही, त्यामुळं कुठं उचलायचं हा प्रश्नच येत नाही. वेळ लावून बघितला नाही कधी, पण उभं राहून पाय दुखायच्या आत संपतं.

एक गोष्ट मात्र मनात येते. माझे आजोबा उर्दू शाळेत शिकलेले, निजामाच्या सलामतीचं गीत रोज म्हणायला लावायचे, आणि ऐंशीच्या वर गेले तरी त्यांना ते सगळं पाठ होतं, कुठं अडकायचे नाहीत. म्हणजे रोज म्हणून घेतलं तर कुठलंही पाठ होतं, नवं काय न् जुनं काय. त्यामुळं नवं केलंच तर दहा वर्षं शाळेत रोज म्हणून घ्यायची तयारी ठेवा, मग लाईट गेली तरी चालेल. पण आजोबांनी ते स्वतःहून कधी म्हटलं नाही, आम्ही विचारलं की हसून दोन ओळी म्हणायचे आणि पान लावायला घ्यायचे. त्याच राज्यात १९३८ ला 'वंदे मातरम्' म्हणतात म्हणून उस्मानिया विद्यापीठातून पोरांना काढलं, पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यातलेच, पुढं नागपूरला जाऊन शिकले. ते गाणं काही त्यांना कोणी परिपाठाला लावलेलं नव्हतं.

नवं कुठं बरं पडतं ते पण सांगतो. गावात सगळ्यांचं असं गाणंच नसंल, किंवा आहे ते एकाच समाजाचं, एकाच देवळाचं असंल, तर ओढूनताणून ते सगळ्यांच्या गळ्यात मारू नका, भांडणं होतील, त्यापेक्षा नवं घ्या. नवीन वसाहत, पुनर्वसित गाव, कॉलेज, तिथं नवंच ठीक. फक्त कवीला गावं मोजायला लावू नका, दोन कडव्यांच्या वर जाऊ नका, आणि स्टुडिओवाल्याला आधीच सांगा की गाणं पहिल्या सेकंदाला सुरू झालं पाहिजे. ट्रॅक बनवण्याआधी पाच बायांना न् पाच पोरांना नुसत्या टाळीवर म्हणायला लावा.

साडूंना हे सगळं फोनवर पण सांगितलं. त्यांच्या गावात मुक्तिसंग्रामातलं एक जुनं कवन आहे असं त्यांनीच बोलता बोलता सांगितलं, त्यांच्या आईला निम्मं येतं. मी म्हटलं मग अडलंय कुठं. थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणे सरपंचांनी स्टुडिओला पाच हजार ॲडव्हान्स देऊन टाकलेत, ते परत मिळतात का बघतो.