गोणीच्या तोंडाशी नवं तूस, पोटात जुनी गादी

पावसाळ्यासाठी कोंबड्यांच्या शेडमध्ये तूस, म्हणजे भाताची टरफलं, भरून ठेवायच्या तयारीत असाल, तर पैसे पाठवण्याआधी हे वाचा. गेल्या मे महिन्यात मी ४० गोणी तूस घेतलं आणि जून संपायच्या आत १५० पिल्लांपैकी ६१ पिल्लं गेली. पैशांचं दुःख आहेच, पण रोज सकाळी दार उघडल्यावर जे बघावं लागलं ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही कल्याण-शीळ रस्त्यावर खिडकाळीच्या बाजूला राहतो. घरामागे थोडी जागा आहे. सासूबाईंच्या गावठी कोंबड्या पहिल्यापासून होत्या. पलावाच्या इमारतींतून अंड्यांची मागणी वाढली, तेव्हा मी वीस बाय बाराची शेड बांधली आणि गिरिराज जातीची पिल्लं आणायला सुरुवात केली. खाली सिमेंटचा कोबा, दोन बाजूंना जाळी, वर पत्रे. कोब्यावर काहीतरी अंथरावं लागतं. त्यालाच आम्ही गादी म्हणतो, पोल्ट्रीवाले लिटर म्हणतात.

गादीसाठी काय वापरायचं यावर मी बराच विचार केला होता. आमच्याकडे पेंढा घरचाच असतो, पण अख्खा पेंढा ओला झाला की चटईसारखा चिकटून बसतो आणि खाली कुजतो. लाकडाचा भुसा तर फुकट मिळत होता. शीळफाट्याकडे लाकडी खोकी तोडणारे आणि फर्निचर बनवणारे बरेच आहेत, "न्या की ताई, पोत्यानं न्या" म्हणणारे. मी नाही आणला. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात डिंकाचं रसायन असतं. परदेशातून माल घेऊन आलेल्या खोक्यांच्या लाकडावर कीड मारण्याची प्रक्रिया केलेली असते. त्या फळ्यांवर लोंबीसारखं चित्र असलेला शिक्का असतो. त्यात 'एचटी' असेल तर लाकूड तापवलेलं असतं, 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. शिवाय बारीक भुसा पिल्लं दाणा समजून खातात आणि त्याची धूळ त्यांच्या छातीत जाते.

तुसाचं तसं नाही. ते भरड असतं, पटकन गोळा होत नाही, खालीवर केलं की लगेच मोकळं होतं, आणि ठाणे जिल्हा भाताचा असल्यामुळे जवळपास मिळतं. फक्त त्याचाही हंगाम असतो. कापणीनंतर गिरण्या जोरात चालतात तेव्हा तूस हवं तेवढं मिळतं. मे महिन्यात मात्र विचारत फिरावं लागतं, आणि पावसात कोरडं तूस मिळणं कठीणच. म्हणून सगळे मे महिन्यात बेगमी करतात. फसवणाऱ्यालाही हे नेमकं ठाऊक असतं.

मोबाईलवर एक जाहिरात आली. 'भाताचं कोरडं तूस, घरपोच, ८० रुपये गोणी.' फोटोत पांढऱ्या गोण्यांची थप्पी, तोंडं निळ्या सुतळीने शिवलेली. मी फोन केला. माणूस बोलायला मऊ होता. तो म्हणाला, "ताई, आधी नमुन्याची गोणी बघा, पटलं तरच ऑर्डर द्या." दोन दिवसांनी एक मुलगा मोटारसायकलवर गोणी टाकून गेला. त्या गोणीत खरोखर उत्तम माल होता. सोनेरी, सळसळीत, कोंड्याचा कण नाही. भात सडायच्या जुन्या हलर गिरणीत तूस आणि कोंडा एकत्र पडतो. त्या मिश्रणाला बुरशी आणि कीड लवकर धरते, म्हणून मी हे नेहमी बघते. नमुना पाहून मी निर्धास्त झाले आणि ३,२०० रुपये मोबाईलवरून आगाऊ पाठवले. टेम्पोचं भाडं १,८०० माल आल्यावर द्यायचं ठरलं.

टेम्पो संध्याकाळी पाचला येणार होता, तो रात्री साडेदहाला आला. आभाळ भरून आलेलं, लांबवर वीज चमकत होती. ड्रायव्हर सारखा घाई करत होता. "वहिनी, पाऊस आला तर तुमचाच माल भिजेल." मी मोबाईलच्या टॉर्चवर तीन गोण्यांची सुतळी सोडून हात घातला, मूठभर तूस बाहेर काढलं. नमुन्यासारखंच होतं. ४० गोण्या उतरल्या, भाडं दिलं, टेम्पो गेला. एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. गोण्या उचलताना माझ्या नवऱ्याला धाप लागत होती. तूस फार हलकं असतं. ज्या गोणीत ५० किलो तांदूळ बसतो, तिच्यात तूस दाबून भरलं तरी दहा किलोच्या आसपास भरतं. नंतर वाण्याच्या काट्यावर एक गोणी ठेवली तेव्हा ती १७ किलो भरली.

मे महिन्याच्या शेवटी एक दिवसाची पिल्लं आली. तीन इंचांची गादी केली, वर वर्तमानपत्रं अंथरली, पिल्लांभोवती चिक गार्ड, म्हणजे गोल कुंपण, लावला, बल्ब लावले. पाचव्या दिवशी कागद काढले. पिल्लं छान होती, तुसात उकरत होती, धावत होती. वास अजिबात नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण बरेच जण मला विचारतात की घेताना वास कसा नाही आला. मेच्या उन्हात वाळवलेल्या विष्ठेला वास राहत नाही. ओल लागली की त्यातले जिवाणू पुन्हा कामाला लागतात आणि अमोनिया सुटतो.

जूनच्या मध्याला पाऊस लागला. हवा इतकी दमट की दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळेनात. सतराव्या दिवशी सकाळी मी शेडचं दार उघडलं आणि डोळे चुरचुरले. शेड गळत नव्हती, पाण्याची भांडी कोरड्या विटांवर होती, एक थेंब सांडलेला नव्हता. मी दाताळ्याने गादी खालीवर केली, विरवलेला चुना भुरभुरला. वास कमी होईना. विसाव्या दिवशी पिल्लं बल्बखाली गोळा होऊन बसली. पंख खाली सोडलेले, पिसं फुलवलेली, डोळे अर्धवट मिटलेले. खाद्य तसंच पडलेलं. आणि तुसावर जागोजागी रक्त होतं, विष्ठेबरोबर पडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा मेलेली होती.

दोन मेलेली पिल्लं पिशवीत घालून मी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी माझ्यासमोरच एक उघडलं. आतड्याच्या शेवटाला दोन आंधळ्या पिशव्या असतात, त्या फुगून जांभळ्या झाल्या होत्या. कात्री लावली तर आत नुसतं रक्त. "कॉक्सीडिओसिस," ते म्हणाले, म्हणजे रक्ती हगवण. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना ती सगळ्यात जास्त मारते. तिची बीजं विष्ठेतून पडतात, ओल आणि ऊब मिळाली की दोनेक दिवसांत पिकतात, आणि गादीत महिनोन् महिने जिवंत राहतात. नेहमीच्या जंतुनाशकाने ती मरत नाहीत. डॉक्टरांनी पाण्यातून द्यायला अँप्रोलियम हे औषध दिलं आणि विचारलं, "गादी कुठून आणली?" मी म्हटलं, नवं तूस आहे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की नव्या तुसावरही ही हगवण येऊ शकते, पण अशी सगळ्या शेडमध्ये एकदम उसळली आहे तर गादी नीट तपासा.

घरी आल्यावर सासूबाई उठल्या. त्यांनी सूप घेतलं आणि न वापरलेल्या गोण्यांतली एक पार तळापर्यंत ओतायला लावली. वरचं वीतभर तूस सोनेरी होतं. त्याखाली रंग बदलला, मळकट तपकिरी झाला. त्यांनी ते सुपात घेऊन पाखडलं. तूस उडून गेलं आणि सुपात जे उरलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. वाळलेल्या विष्ठेचे चपटे खडे, मक्याचा भरडा, गोळी खाद्याचे तुकडे आणि पांढरी पिसं. पूर्ण वाढलेल्या कोंबडीची, देठ असलेली पांढरी पिसं. माझी पिल्लं तीन आठवड्यांची, रंगीत. सासूबाईंच्या कोंबड्या लाल-काळ्या आणि त्यांचं खुराडं पार दुसऱ्या टोकाला. आमच्या घरात पांढरी कोंबडीच नव्हती. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "तूस नाय गो. कोंबऱ्यांची घाण हाय."

ते ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, शेडमधून काढलेलं लिटर होतं. ब्रॉयलरची एक बॅच साधारण सहा आठवड्यांत निघते, मग खालची गादी खत म्हणून विकली जाते. भाजीवाले, नर्सरीवाले घेतात, त्यात गैर काही नाही. पण या माणसाने ते वाळवून, चाळून, नवं तूस मिसळून, वर चांगल्या मालाचा थर देऊन तूस म्हणून विकलं. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. खराब तूस देणं वेगळं आणि एका शेडमधला रोग गोणीत शिवून दुसऱ्याच्या दारात पोचवणं वेगळं. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता आणि आसपासच्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. अशा वेळी सरकारी पथक कोंबड्यांबरोबर त्यांच्या खालची गादी आणि खाद्यसुद्धा नष्ट करतं, ते उगाच नाही. माझ्याकडे रक्ती हगवण आली. याहून भयंकर काहीही त्या गोण्यांतून येऊ शकलं असतं, आणि मी ते हातांनी पसरलं होतं, माझा लहान मुलगा शेजारी उभा असताना.

विक्रेत्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, "ताई, तुमच्या शेडमध्ये पाणी शिरलं असेल." पिसांचे फोटो पाठवले तर म्हणाला, गिरणीत कोंबड्या फिरतात, एखादं पीस येणारच. मी पैसे परत मागितले. त्यानंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला. दुसऱ्या फोनवरून लावला, तोही. पोलिसांकडे लेखी अर्ज दिला आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रारही केली. दोन्हीकडे पहिला प्रश्न तोच, बिल आहे का? नव्हतं. मोबाईलच्या व्यवहारात फक्त एक नाव आणि रक्कम, कशाचे पैसे ते लिहिलेलं नाही. पैसे पाठवताना तिथे 'भाताचं नवं तूस, ४० गोणी' एवढं लिहिलं असतं तर निदान तेवढा पुरावा हातात राहिला असता. आणि धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी सांगितलं तर लगेच मागे फिरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून केलेल्या स्वयंरोजगाराला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जागा आहे.

औषधाने पिल्लं सावरली, पण त्याला आठवडा लागला आणि तोवर ६१ गेली. राहिलेली पिल्लं पडवीत हलवली. शेडमधली सगळी गादी आणि उरलेल्या गोण्या खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. कोबा खरवडून धुतला, वाळवला आणि फ्लेम गनने इंच इंच भाजून काढला.

आता मी तूस घेते ते स्वतः मुरबाडकडच्या गिरणीवर जाऊन, डोळ्यांदेखत भरलेलं, जानेवारीतच, आणि माळ्यावर ठेवते. ज्यांना जाणं जमत नाही त्यांनी निदान दिवसाउजेडी माल उतरवून घ्या आणि भाडं देण्याआधी कुठल्याही चार गोण्या, तुम्ही निवडलेल्या, ताडपत्रीवर पूर्ण ओता. वरून मूठभर काढून काही कळत नाही, मी ते करूनच फसले. एक गोणी वजन करा. बादलीभर पाण्यात दोन मुठी टाका, तूस तरंगतं आणि माती-वाळू तळाला जाते. मूठभर तूस झाकणाच्या डब्यात गरम पाण्याने भिजवून तीन-चार तास ठेवा. नव्या तुसाला ओल्या भाताचा वास येतो, वापरलेल्या गादीचा डबा उघडताच नाकात जातो. आणि घरात सूप असेल तर पाखडून बघा. नमुन्यावर ऑर्डर देऊ नका. नमुन्याची गोणी फसवायलाच भरलेली असते.

परवा माझ्या नणंदेने घणसोलीहून मला एक जाहिरात पाठवली, घेऊ का म्हणून विचारायला. नंबर वेगळा आहे, गोणी ९० रुपयांना झाली आहे. फोटो तोच आहे. तीच थप्पी, तीच निळी सुतळी.